केस गळत नाहीत म्हणून शिंका थांबत नाहीत

निळे डोळे, राखाडी-पांढरे कुरळे केस आणि छायाचित्राखाली एक ओळ : 'अ‍ॅलर्जी असलेल्या कुटुंबांसाठी योग्य'. सैबेरियन हस्की आणि पूडल यांच्या संकरातून जन्मलेल्या पिल्लांच्या अशा जाहिराती अमेरिका-कॅनडातील पैदासकार गेली काही वर्षे करीत आहेत. या संकराला कोणी 'हस्कीडूडल' म्हणतो, कोणी 'हस्कीपू'. मॅलम्यूट आणि सामोयेड या उत्तरेकडच्या अन्य कष्टकरी जातींचेही असेच संकर होतात आणि त्यांनाही अशीच लाडिक नावे मिळतात. नावांचे हसू येते; त्या ओळीचे येत नाही. ती वाचून पिल्लू घरी आणणाऱ्यांत दम्याचा त्रास असलेल्या मुलांचे आईबाप असतात. काही महिन्यांनी मुलाच्या छातीत घरघर सुरू झाली, तर घर सोडावे लागते ते कुत्र्याला.

या संकरांचे मूळ ऑस्ट्रेलियात सापडते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील रॉयल गाइड डॉग असोसिएशनमध्ये श्वानपैदाशीचे काम पाहणारे वॉली कॉनरन यांच्याकडे हवाई बेटांवरील एका अंध महिलेची विनंती आली. तिला वाटाड्या कुत्रा हवा होता. पण तिच्या पतीला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. कॉनरन यांनी आधी अनेक पूडल पारखून पाहिले, परंतु त्या कामाला एकही उतरेना. तेव्हा त्यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांच्या केसांचे व लाळेचे नमुने हवाईला पाठवले गेले आणि पतीला त्यांतील एकाच पिल्लाचा त्रास झाला नाही. एकाच वेतातील तीन सख्ख्या भावंडांत एक! पुढे या संकरांचा जो बाजार उभा राहिला, त्यात ही संख्या कोणी सांगत नाही. उरलेली पिल्ले सांभाळायला कुटुंबे मिळेनात, तेव्हा कॉनरन यांनी 'लॅब्राडूडल' हे नाव पुढे केले आणि मागणीचा पूर लोटला. आयुष्याच्या उत्तरार्धात आपण हे सुरू करायला नको होते, असे त्यांनी मुलाखतींतून उघडपणे सांगितले.

२००८ च्या निवडणुकीनंतर बराक ओबामा यांनी मुलीच्या अ‍ॅलर्जीमुळे 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' कुत्रा हवा असल्याचे सांगितले आणि हा शब्द जगभर पोहोचला. मराठीत तो उतरवताना उपसंपादकाची पंचाईत होते. 'अ‍ॅलर्जीमुक्त' लिहिणे सोपे, पण चूक. मूळ ग्रीक उपसर्गाचा अर्थ 'कमी' एवढाच आहे. किती कमी आणि कशापेक्षा कमी, हे शब्द सांगत नाही. हा शब्द रुळला तो सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत. असा दावा करण्यापूर्वी चाचणी सक्तीची करावी, असा नियम अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ मध्ये केला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७ मध्ये तो रद्द झाला. तेव्हापासून तेथे या शब्दाला कायदेशीर व्याख्या नाही. साबणाच्या वेष्टनावर ज्याची व्याख्या ठरली नाही, तो शब्द आता जिवंत प्राण्याच्या गळ्यात बांधला गेला आहे.

सगळा घोटाळा केस आणि अ‍ॅलर्जी यांना एकच मानण्यातून होतो. माणसाला त्रास होतो तो कुत्र्याच्या केसांचा नव्हे. त्याच्या लाळेतील, त्वचेच्या कोंड्यातील आणि मूत्रातील प्रथिनांचा. त्यांतील प्रमुख प्रथिन शास्त्रीय परिभाषेत 'कॅन एफ १' या नावाने ओळखले जाते. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगतात आणि भिंती, पडदे, गाद्या यांना चिकटतात. केस हे फार तर या कणांचे वाहन. वाहन कमी केले म्हणून माल कमी होतो असे नाही.

हे मोजूनही पाहिले गेले आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट येथील हेन्री फोर्ड रुग्णालयाच्या संशोधकांनी २०११ मध्ये एकेक कुत्रा असलेल्या १७३ घरांतील धुळीची तपासणी प्रसिद्ध केली. 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत आणि इतर घरांत या प्रथिनाच्या पातळीत लक्षणीय फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील युट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या केसांतील प्रमाण मोजले. पूडल, लॅब्राडूडल आदी 'सुरक्षित' गटाच्या केसांत ते इतरांहून जास्त निघाले. लॅब्राडूडलच्या घरांतील जमिनीवरच्या धुळीत ते थोडे कमी होते. पण श्वासात जाणाऱ्या हवेत फरक नव्हता. एका जातीतील दोन कुत्र्यांमधील तफावत मात्र मोठी होती. याचा सरळ अर्थ असा, की विशिष्ट माणसाला विशिष्ट कुत्रा मानवू शकतो. जातीच्या नावावर तसे आश्वासन देता येत नाही.

पैदासकार ज्याची निवड करतो, ते केसांचे गुण आहेत. कुत्र्यांच्या केसांतील बहुतेक वैविध्य तीन जनुकांच्या फरकांतून येते, हे २००९ मध्ये स्पष्ट झाले. एकाने लांबी ठरते, दुसऱ्याने कुरळेपणा, तिसऱ्याने मिशा-भुवयांचे झुपके. केस किती गळतात याच्याशी आणखी एका जनुकाचा संबंध आढळला आहे. आता या साऱ्यांची चाचणी करता येते आणि पहिल्या पिढीतील संकरिताची पुन्हा पूडलशी गाठ घालून जवळजवळ न गळणारे केस मिळवता येतात. पण या निवडीत लाळेतील प्रथिन कोठेच येत नाही.

इथपर्यंतची कथा सर्वच 'डूडल' संकरांना लागू आहे. उत्तरेकडच्या कुत्र्यांच्या बाबतीत मात्र आणखी एक पेच आहे. हस्कीचे पूर्वज ईशान्य सैबेरियातील चुक्ची लोकांनी वाढवले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते अलास्कात आले. १९२५ च्या जानेवारीत नोम या गावात घटसर्पाची साथ पसरली, तेव्हा घसरगाड्यांच्या टप्प्याटप्प्याच्या दौडीने तेथे प्रतिविष पोहोचवले गेले. त्यात लेओनार्ड सेपाला यांच्या सैबेरियन कुत्र्यांनी सर्वांत लांब आणि खडतर टप्पा पार केला. उणे तापमानात हे शक्य होते ते दुहेरी केसांमुळे. वर राठ, पाणी न धरणारे केस. खाली लोकरीसारखा दाट थर. हा आतला थर ऋतू पालटताना पुंजक्यांनी गळतो. सोफ्यावर दिसणारा तो कचरा हा कुत्र्याच्या शरीराने केलेला हंगामी बदल आहे.

संकर उत्तरेला नवा नाही. शर्यतींत धावणारा 'अलास्कन हस्की' ही शुद्ध जात नाहीच. वेगासाठी त्यात शिकारी पॉइंटर कुत्र्यांचे रक्तही मिसळले गेले. पण तेथे परीक्षा होती ती वाटेची. जो टिकला, धावला, त्याचीच पुढे पैदास झाली. पूडलचीही अशी परीक्षा झाली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. जॉन सुटर या गृहस्थांनी १९८८ ते १९९१ या काळात अलास्कातील 'इडिटरॉड' या प्रसिद्ध शर्यतीत चक्क स्टँडर्ड पूडल जुंपले. कुत्री जिद्दीची होती. परंतु त्यांच्या कुरळ्या केसांत बर्फ अडकून गोळे होत आणि पाय गारठत. काहींना वाटेतल्या ठाण्यांवर सोडावे लागले. पुढे उत्तरी हवामानाला योग्य अशाच कुत्र्यांना प्रवेश देण्याचा नियम आला. हस्कीपूच्या विक्रेत्यांनी हा प्रसंग वाचायला हरकत नव्हती.

कारण संकरात या दोन स्वभावांच्या केसांची गाठ पडते. दाट आतला थर हस्कीचा, न गळता वाढत राहणारा केस पूडलचा. सुटलेली लोकर बाहेर पडत नाही. कुरळ्यात अडकते आणि कातडीलगत तिचे नमदे होतात. रोज विंचरणे आणि ठरावीक काळाने कात्री लावणे अटळ ठरते. तसे न झाल्यास कातडीला हवा लागत नाही, ओल राहते, जखमा होतात. शिवाय मैलोन्‌मैल ओढण्याची हस्कीची ऊर्मी केसांबरोबर बदलत नाही. सदनिकेत कोंडलेला असा कुत्रा दारे कुरतडतो, हेल काढून रडतो आणि त्याला 'वाईट वळणाचा' ठरवले जाते.

संकराने आरोग्य सुधारते, हा दुसरा दावा. त्यात काही तथ्य आहे, पण सांगितले जाते तेवढे नाही. ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४ मध्ये तीन लोकप्रिय पूडल-संकरांची त्यांच्या मूळ जातींशी ५७ आजारांबाबत तुलना केली, ८६.६ टक्के तुलनांत लक्षणीय फरक दिसला नाही. हस्की आणि सामोयेडमध्ये दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक विकार आहे. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. आई वाहक असेल, तर बाप कितीही निरोगी पूडल असला तरी प्रत्येक नर पिल्लाला तो विकार येण्याची शक्यता निम्मी. संकराची ढाल येथे चालत नाही; आईची जनुकीय चाचणीच लागते.

मग अ‍ॅलर्जी असलेल्यांनी कुत्रा पाळूच नये काय? तसे म्हणणे घाईचे ठरेल. 'कॅन एफ ५' नावाचे प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते. ज्यांना केवळ त्याचीच अ‍ॅलर्जी आहे, त्यांना मादी मानवू शकते. रक्ततपासणीत ते कळते. स्वीडनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, घरात मादी कुत्री असलेल्या मुलांना दम्याचा धोका नर असलेल्यांपेक्षा १६ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच अभ्यासात 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' जाती पाळणाऱ्या घरांतील मुलांत अ‍ॅलर्जी अधिक आढळली. अर्थात आधीच अ‍ॅलर्जी असलेली कुटुंबेच अशा जाती निवडतात, हे त्याचे संभाव्य कारण. कुत्र्याचे लिंग ही साधी बाब जातीच्या नावापेक्षा उपयोगी ठरावी, हे मला या साऱ्या वाचनात सर्वांत अनपेक्षित वाटले.

गोव्याचा या विषयाशी संबंध हवामानाचा आणि बाजाराचा. आपल्या किनाऱ्यावरच्या शहरांत वातानुकूलित खोलीतला हस्की आता नवलाचा राहिलेला नाही. चार महिने पाऊस आणि एरवीही दमट हवा असलेल्या या प्रदेशात नमदे होणाऱ्या केसांचा कुत्रा म्हणजे त्वचाविकारांना निमंत्रण. शिवाय येथल्या ओलसर घरांत धूळकीटक आणि बुरशी यांमुळे श्वासाचे विकार आधीच बळावतात; नेमके कशाने शिंका येतात हे तपासल्याविना कुत्र्याला दोषी वा निर्दोष ठरवण्यात अर्थ नाही.

कायदा अगदीच रिकाम्या हाताचा नाही. २०१७ च्या श्वानपैदास व विक्रीविषयक नियमांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे सक्तीचे असून आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. केसांविषयीच्या वा अ‍ॅलर्जीविषयीच्या दाव्यांवर हे नियम बोट ठेवत नाहीत. त्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. त्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा पिल्लाची विसार रक्कम देण्यापूर्वी विक्रेत्याकडून तीन कागद मागावेत : नोंदणीचा दाखला, आई-बापांच्या डोळ्यांच्या जनुकीय चाचणीचा अहवाल आणि अ‍ॅलर्जीविषयीचा दावा लेखी, सहीनिशी. घरातल्या ज्या व्यक्तीला त्रास आहे तिने, डॉक्टरांच्या सल्ल्याने, त्याच पिल्लाबरोबर आणि शक्य तर त्याच्या आईबरोबर काही तास, वेगवेगळ्या दिवशी काढावेत. पिल्लूपणी जाणवला नाही तो त्रास कुत्रा मोठा झाल्यावर होऊ शकतो. म्हणून परत घेण्याची अटही त्याच कागदावर हवी.