रिकाम्या खुर्चीचा दंड पत्नीला का?

मांडवगण फराटा हे भीमाकाठचे उसाचे गाव. अशा गावातील मुलीचे लग्न परदेशस्थ मुलाशी ठरले की शिरूर-दौंडच्या पंचक्रोशीत त्याची चर्चा होते, मांडव मोठा पडतो आणि आपले कार्यकर्तेही अक्षता टाकून येतात. त्या मुलीचे पुढे काय झाले, याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही.

पुढे होते ते असे. आठ-पंधरा दिवसांत नवरा परत जातो. मुलगी माहेरी कागदांची वाट पाहत राहते. नवरा अमेरिकेत असेल तर एके दिवशी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीतून मुलाखतीचे बोलावणे येते. तेथे नवऱ्याने हजर राहण्याची सक्ती नाही. तो येतोच असेही नाही. काचेपलीकडचा अधिकारी तिला एकटीला विचारतो, तुमचे लग्न खरे कशावरून? ज्या माणसाबरोबर तिचा जेमतेम पंधरवडा गेला, त्याची नोकरी, त्याचे घर, त्याचा पूर्वेतिहास तिने सांगायचा. अडखळली तर संशय!

ही पहिली पायरी. खरी कसोटी समुद्रापलीकडे आहे. अमेरिकेने १९८६ साली बनावट विवाहांविरुद्ध कायदा केला. प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर पत्नीला मिळणारा वास्तव्याचा हक्क सशर्त असतो. दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत पती-पत्नींनी संयुक्त अर्ज करायचा आणि मुलाखतीस बोलावल्यास दोघांनी हजर व्हायचे. सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास तिचा हक्क संपुष्टात येतो.

या तरतुदीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. नवऱ्याची खुर्ची रिकामी राहिली, तर देशाबाहेर जाण्याची पाळी बायकोवर येते! मग तो कामाच्या पाळीत अडकलेला असो, रुग्णालयात असो, की तिला धाक दाखवण्यासाठी मुद्दाम घरी बसलेला असो. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या हाती सरकारनेच हे हत्यार दिले. ‘तोंड उघडलेस तर सही करणार नाही’ एवढे एक वाक्य त्याला पुरते. छळ झालेल्या पत्नीला एकटीने अर्ज करण्याची वाट १९९० साली मोकळी झाली, हे खरे. परंतु परक्या मुलखात, परक्या भाषेत छळाचा पुरावा गोळा करण्याचे ओझे तिच्याच शिरावर राहिले.

कोणी म्हणेल, हे अमेरिकेपुरते आहे. इतिहास तसे सांगत नाही. पुण्याचे नामदार गोखले १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले. पुढच्याच वर्षी, १४ मार्च १९१३ रोजी, केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी नवऱ्याकडे निघालेल्या बाई मरियम यांना पत्नी मानण्यास नकार दिला. या निकालाने हिंदू व मुस्लिम पद्धतीने झालेले हजारो विवाह एका फटक्यात संशयित ठरले. तेव्हा स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या, कस्तुरबांनी सक्तमजुरीचा तुरुंगवास भोगला आणि १९१४ साली सरकारला नमते घ्यावे लागले. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यचाचणी घेण्यात आली. दिल्ली व मुंबईच्या ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा तपासण्या झाल्याचे पुढे कागदपत्रांतून उघड झाले. पुरावा कधी धर्मविधीचा मागितला गेला, कधी शरीराचा. सिद्ध करण्याची जबाबदारी प्रत्येक वेळी स्त्रीवरच!

आता पुरावा पैशाचा मागतात. बोलावणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न अमेरिकेत सामान्यतः तेथील दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असावे लागते. कमी पडल्यास दुसरा हमीदार शोधावा लागतो. ब्रिटनने २०१२ साली वार्षिक १८,६०० पौंडांची अट घातली आणि एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांवर नेली. म्हणजे भांडी घासणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या कामगाराने श्रम विकावेत, पण बायकोबरोबर राहू नये! भांडवलशाहीला कामगाराचे हात हवे असतात. त्याचा संसार नको असतो.

बनावट विवाह होतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण बनावट असल्याचा आरोप सरकारचा असेल, तर तो सरकारने सिद्ध करावा. जोडीदार गैरहजर आहे एवढ्यावरून निकाल देऊ नये. मुलाखतीस दुसरी तारीख मिळावी, मराठी जाणणारा दुभाषा मिळावा, नकाराची कारणे लेखी मिळावीत, अपिलाची वाट असावी. आपल्या परराष्ट्र खात्याने या मागण्या ठणकावून मांडल्या पाहिजेत.

आणि आपण काय करणार? या मुलीचे परावलंबन वकिलातीच्या दारात सुरू होत नाही. ते येथेच, आपल्या ओसरीवर सुरू होते. सातबाऱ्यावर तिचे नाव नसते, लग्नाच्या दाखल्याची प्रत सासऱ्याच्या कपाटात असते आणि नवऱ्याचा पगार विचारणे हा उद्धटपणा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली विवाहनोंदणी सक्तीची करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात १९९८ चा नोंदणी कायदा आहेच. तरीही परदेशी जाण्याची वेळ येईपर्यंत ग्रामपंचायतीची पायरी किती जोडपी चढतात?

म्हणून साथींनो, लग्नाला अक्षता टाकायला जाल तेव्हा तेथेच थांबू नका. नोंदणी होईल हे पाहा. दाखल्याची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या हाती द्या. नवरा आला नाही तरी मुलाखत चुकवू नकोस, कारण लेखी दे, एकटीने अर्ज करण्याचा हक्क तुला आहे, हे तिला निघण्यापूर्वीच समजावून सांगा. पतीच्या सहीवर जिचे अस्तित्व टांगलेले आहे, ती स्त्री नागपुरात असो की न्यूयॉर्कमध्ये, स्वतंत्र नाही. तिचा लढा आपला लढा मानल्याखेरीज समतेचे नाव घेण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.