पाय पाहून अंथरूण

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण मराठीत म्हणतो. याच मासिकाच्या कन्नड विभागातील आपले मित्र ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’ असे म्हणतात. दोन भाषा इतक्या एकमताने बोलतात, तेव्हा त्यात तथ्य असणारच. परंतु सहकुटुंब मनोरंजन-उद्यानाच्या सहलीपुरता हा उपदेश उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे आधी पाय पाहावेत आणि मग अंथरूण निवडावे.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडतच नसे. १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. लोक सकाळी बोटीने जात आणि संध्याकाळच्या बोटीने घर गाठत. ते उद्यान २०२२ मध्ये बंद झाले. त्याआधीच, २०१३ साली, खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले आणि २०१५ मध्ये त्याला लागूनच नोव्होटेल हे मोठे हॉटेल आले. बंगळूरजवळ बिडदीला वंडरला २००५ मध्ये सुरू झाले. तेथेही २०१२ पासून आवारातच राहण्याची सोय आहे. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत तर ‘सितारा’ आणि ‘तारा’ अशी दोन वेगवेगळ्या दर्जांची हॉटेले आतच आहेत. तेव्हा आत राहावे की बाहेर, हा प्रश्न आता आपल्याही घरांत येऊन ठेपला आहे.

आमच्या घरात तो दिवाळीच्या सुट्टीत आला. आम्ही निपाणीचे, मामा नोकरीनिमित्त सुरतेजवळ कामरेजला स्थायिक झालेले. नकाशा उघडला तर गंमत वाटते. कामरेजच्या चौकडीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ तोच पुढे मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर करीत आमच्या निपाणीवरून बेळगावला जातो. एकाच रस्त्याची दोन टोके धरून बसलेली ही दोन घरे. मध्ये कोठेतरी भेटायचे ठरले आणि खोपोली निघाली. दिवाळीनंतर सुरतेचे हिऱ्यांचे कारखाने दोन-तीन आठवडे बंद असतात आणि अर्धे शहर प्रवासाला निघते. त्यामुळे लवकर ठरवणे भाग होते. माणसे नऊ. त्यांत मामांचा चार वर्षांचा धाकटा आणि सत्तरी ओलांडलेली, गुडघेदुखीने बेजार झालेली आजी.

मामा म्हणाले, आतच राहू. बाबा म्हणाले, लोणावळ्याला बंगला घेऊ. नऊ माणसांत वाटून दर निम्म्याने पडेल. मामी म्हणाल्या, खोपोलीतच एखादे साधे लॉज पाहू. रात्री पाठ टेकायची तर महालाची गरज काय? तिघांचेही म्हणणे आपापल्या परीने बरोबर होते. परंतु तिघांनीही फक्त खोलीचे भाडे धरले होते. वाणिज्य शाखेत आपण शिकतो की, वहीत न लिहिलेला खर्च हा खर्चच असतो. असे तीन खर्च मला येथे दिसतात.

पहिला खर्च घरातील बाईच्या श्रमाचा. बंगला स्वस्त पडतो, कारण त्यात स्वयंपाकघर असते. आता हे स्वयंपाकघर कोण चालवणार? नऊ माणसांचा सकाळचा चहा, पोहे, रात्रीचा खिचडी-भात आणि वर भांडी. म्हणजे माझी आई निपाणीची चूल सोडून लोणावळ्याच्या चुलीपुढे उभी राहणार! बंगल्याचे भाडे कमी दिसते, त्याचे अर्धे कारण हे की आईची मजुरी आपण शून्य धरतो. ज्यांना बंगलाच हवा त्यांनी जरूर घ्यावा. पण स्वयंपाकाच्या बाईचे किंवा बाहेरून मागवलेल्या जेवणाचे पैसे त्यात मिळवून मगच तुलना करावी.

दुसरा खर्च वेळेचा आणि पायांचा. लोणावळा घाटावर, उद्यान घाटाखाली. सुट्टीच्या दिवशी बोरघाटात गाड्यांची रांग कशी लागते, हे पुण्या-मुंबईकडे गेलेल्या कोणालाही सांगायला नको. बाहेर राहणाऱ्याला सकाळी निघण्याची घाई आणि संध्याकाळी परतण्याची दगदग. तरुणांना त्याचे काही नाही. परंतु दुपारी दोन वाजता लहान मूल किरकिर करू लागते आणि आजीचे गुडघे बोलू लागतात, तेव्हा बाहेर राहणाऱ्या कुटुंबापुढे एकच मार्ग उरतो: कोणीतरी एकाने बाकावर त्यांना सांभाळत बसायचे. तो ‘कोणीतरी’ बहुधा आईच असते. आत राहण्याचा खरा मोबदला गाद्या आणि पोहण्याचा तलाव हा नसून, दुपारी दोन तास पाठ टेकता येणे हा आहे.

पण येथेच एक मेख आहे. हॉटेलची खोली साधारणतः दुपारी दोनच्या सुमारास ताब्यात मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते. आदल्या रात्री मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उद्यान पाहिले, तर ज्या दुपारी विश्रांती हवी नेमकी त्याच दुपारी खोली हातची गेलेली असते! मग जादा पैसे कशाचे दिले? म्हणून एकच रात्र परवडत असेल, तर ती उद्यान पाहण्याच्या दिवसाची असावी. सकाळी सामान हॉटेलात ठेवावे, उद्यानात जावे, दुपारी आजी आणि धाकटा खोलीवर यावेत. मात्र बाहेर आलेल्याला त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडतात का, हे आधी विचारून घ्यावे.

तिसरा खर्च कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. त्यावर गेले की १८ टक्के. उदाहरणादाखल, ७,४०० रुपयांच्या खोलीचे बिल ७,७७० होते आणि ७,६०० च्या खोलीचे ८,९६८. दरातला फरक दोनशेचा, बिलातला जवळजवळ बाराशेचा! जाहिरातीतला आकडा पाहून हरखून जाणाऱ्यांनी ही रेघ ध्यानात ठेवावी.

आत राहण्याची सोय केवळ आपल्या कळवळ्याने केलेली असते, असेही नव्हे. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले तेव्हा जागा सुमारे १६० एकर होती. बघता बघता भोवती दुसऱ्यांची लॉजेस उभी राहिली. गर्दी डिस्नेंनी जमवायची आणि मुक्कामाचे पैसे शेजाऱ्यांनी घ्यायचे! म्हणूनच फ्लोरिडात त्यांच्या कंपनीने आधी सुमारे २७,००० एकर जमीन गोळा केली आणि १९७१ मध्ये उद्यानाबरोबरच स्वतःची हॉटेलेही उघडली. प्रवाशाची रात्रही आपल्या कुंपणात राहावी, हा त्यामागचा व्यापार. व्यापार करणे गुन्हा नव्हे. पण गिऱ्हाइकाने तो ओळखून असावे. घरात सगळेच धडधाकट असतील, तर आतल्या मुक्कामावर पैसे उधळण्याचे काही कारण नाही. खोपोलीच्या लॉजमध्ये राहावे, गावातल्या खानावळीत जेवावे. चार पैसे गावाच्याही हाती पडतील.

आमच्या बाबतीत मी आग्रह धरला तो असा: एक रात्र आत, तीही उद्यानाच्या दिवसाची, आदली रात्र खोपोलीच्या लॉजमध्ये, बंगला नको. बाबांनी कागदावर आकडे मांडले. बंगल्यापेक्षा खर्च थोडा चढला, पण स्वयंपाक आणि गाडीच्या फेऱ्या धरल्यावर फरक फार उरला नाही. मामी आदल्या रात्रीवर खूष, मामा दुसऱ्या. आजी एवढेच म्हणाली, “मला वाटलं होतं, मला घरीच ठेवून जाल.”

तिचे हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. स्वस्त सहलीच्या नादात कितीतरी घरांतून म्हातारी माणसे अशीच मागे राहतात आणि ‘त्यांना झेपत नाही’ असे आपण सांगून मोकळे होतो. पुष्कळदा झेपत नाही ती आपण केलेली आखणी!

मित्रांनो, हल्ली मोबाइलवर खोल्या आणि तिकिटे काढण्याचे काम घरोघरी आपल्याकडेच असते. दर लावून पाहण्याआधी दोन प्रश्न विचारा: घरात सर्वांत आधी कोण थकते, आणि ते थकल्यावर त्याच्याजवळ कोण बसते? त्या दोघांची सोय जेथे होईल तेथे उतरा. मग ते कुंपणाच्या आत असो वा बाहेर.