पथ्याचे ताट वेगळे नको



रुग्णपत्रिकेच्या तळाशी ‘पथ्यापथ्य’ असा मथळा असतो आणि त्याखाली आपण प्रतिदिनी एक यादी लिहीत असतो. काय खावे, काय टाळावे, किती खावे आणि केव्हा खावे, हे सर्व त्या यादीत येते. मात्र रुग्ण कोणाबरोबर जेवतो, त्याच्यासाठी कोण रांधते आणि रांधणारी व्यक्ती स्वतः केव्हा जेवते, हे आपण क्वचितच विचारतो. हे प्रश्न चिकित्सेच्या कक्षेबाहेरचे नाहीत, एवढेच या लेखातून मांडावयाचे आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता ही नावे विद्यार्थिदशेत आपण सर्वांनीच घोकलेली आहेत. व्यवसायात मात्र पहिली सहा ध्यानात राहतात आणि शेवटची दोन, म्हणजे सेवनाचे नियम व जेवणारा माणूस, ही मागे पडतात. त्याच अध्यायात जेवणाचे स्थान आणि साधने मनाला रुचणारी असावीत असे सांगून, मनाला विघात होऊ नये हे त्याचे कारणही दिले आहे. पुढील अध्यायात आचार्य बजावतात की पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखशय्या व जागरण यांमुळे ते पचत नाही. जेवताना मन निश्चिंत ठेवणारे सर्वांत सुलभ साधन म्हणजे आपल्या माणसांची सोबत होय. हा विस्तार माझा आहे, परंतु तो शास्त्राला सोडून नसावा असे वाटते.

या विचाराकडे मी ग्रंथातून वळलो नाही. माझ्याच चुकीने मला वळविले. सेलू तालुक्यातील पन्नाशीचे एक शेतकरी अम्लपित्ताची तक्रार घेऊन आले होते. मी औषधे दिली आणि वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी लिहून दिली. त्यांनी ती निष्ठेने पाळली. तीन महिन्यांनी छातीतील जळजळ पुष्कळ कमी झाली होती, परंतु वजन घटले होते व अरुची जडली होती. मी औषध बदलण्याच्या विचारात असताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डाक्टरसाहेब, ह्यायचं ताट येगळं केलं तवापासून हे दोन घास खाऊनच उठते.” चौकशी केल्यावर कळले की त्यांच्यासाठी निराळी भाजी शिजत असे आणि घरची पंगत आटोपल्यावर ते एकटेच जेवावयास बसत. नातवंडे पूर्वी त्यांच्या ताटातला घास मागत. आता ‘आबांचे औषधाचे जेवण’ म्हणून दूर राहत.

मी ती यादी फाडून टाकली. मुगाचे वरण, जुन्या तांदळाचा भात, पोळी, आणि दोडका, दुधी किंवा पडवळाची कमी तिखटाची भाजी सर्वांसाठीच करावी, ज्याला ठेचा हवा असेल त्याने तो वरून घ्यावा आणि दिवेलागणीनंतर लगेच सर्वांनी एकत्र बसावे, असे लिहून दिले. पुढील काही आठवड्यांत त्यांची रुची परतली. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी जाणतो. परंतु पदार्थ फारसे बदलले नव्हते, बदलली होती ती केवळ बैठक, हे मला विसरता येत नाही.

येथे दोन शास्त्रीय आक्षेप संभवतात. पहिला असा की चरकांनी न बोलता, न हसता, तन्मय होऊन जेवावे असे म्हटले आहे. मग पंगतीचा आग्रह कशाला? मौन आणि एकांत या दोन भिन्न गोष्टी आहेत. दूरचित्रवाणीसमोर बसलेले चौघे एकत्र जेवत नसतात. आणि शांतपणे जेवणारी, परंतु शेजाऱ्याच्या पानात काय संपले याकडे लक्ष असलेली पंगत खऱ्या अर्थाने एकत्र असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सुश्रुतांनी निदानस्थानात कुष्ठ, ज्वर, शोष व नेत्राभिष्यंद यांसारखे औपसर्गिक रोग ज्या मार्गांनी संक्रमित होतात त्यांत सहभोजन स्पष्टपणे गणले आहे. २०२० च्या महासाथीने त्या वचनाचे मोल आपणास नव्याने शिकविले. अशा व्याधींत ताट, पेला आणि आवश्यक तेथे अंतरही वेगळे ठेवलेच पाहिजे. परंतु अम्लपित्त, प्रमेह किंवा संधिवाताच्या रुग्णाला पंगतीतून उठविण्यास कोणताच आधार नाही.

वर्धेच्या वैद्याला याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९३५ मध्ये मगनवाडीत गांधीजी सोयाबीनसारख्या अन्नांचे प्रयोग करीत होते, ते सामुदायिक स्वयंपाकघरातच. १९३६ मध्ये ते सेगावला, म्हणजे पुढील सेवाग्रामला, राहावयास गेले. तेथेही निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे एकाच स्वयंपाकघरात रांधीत, एकाच पंगतीत जेवत आणि गांधीजी अनेकदा स्वतः वाढत. १९३९ मध्ये कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आश्रमात आले, तेव्हा त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळच झोपडी उभारून गांधीजींनी त्यांची शुश्रूषा केली. व्याधीमुळे माणूस दूर ठेवावा लागला तरी तो परका होऊ द्यावयाचा नाही, हा त्यातील धडा आहे. १९५९ मध्ये विनोबांनी पवनारला स्थापिलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातही भगिनी स्वयंपाकासह सर्व श्रम आपसांत वाटून घेत आल्या आहेत.

आश्रमांचे सोडा, आपल्या गावांनाही ही विद्या अवगत होतीच. शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी कोणी एकट्यासाठी करीत नाही. हुरडा भाजला की वाटसरूलाही हाक जाते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खाऊ ओळखतात. मुलींना ओळखता येणार नाही असा पदार्थ करण्यात त्या घरच्या माउलीला जो आनंद होतो, तो स्वतः खाण्याच्या आनंदाहून कमी नसतो. अतिथी व आश्रितांना दिल्यावाचून स्वतः जेवू नये, सुखाचा उपभोग एकट्याने घेऊ नये, असे चरकांचे सद्‌वृत्तही सांगते.

तथापि, घरच्या अन्नाचे गोडवे गाताना एक सत्य झाकले जाते. आपल्या अनेक घरांत रांधणारी स्त्री सर्वांत शेवटी, थंड झालेले, उरलेले अन्न जेवते. उष्ण, स्निग्ध, मात्रायुक्त आणि वेळेवर, या चारही नियमांचा भंग तिच्याच पानात होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्ताल्पतेने ग्रस्त आढळल्या. त्याची कारणे अनेक आहेत; परंतु तिला लोहाची कल्पे देताना तिच्या जेवणाची वेळ न विचारणे हे अर्धवट निदान होय. जी रांधते तिलाच पंगतीत जागा नसेल, तर ते सहभोजन नव्हे. रोडग्यांच्या स्वयंपाकात पुरुष आनंदाने राबतात. तोच हात रोजच्या चुलीला लागला तर सर्वांचे जेवण एका वेळी होणे कठीण नाही.

म्हणून माझी सर्व व्यवसायबंधू-भगिनींना नम्र सूचना आहे की रुग्णपत्रिकेत तीन प्रश्नांची भर घालावी: घरी कोण रांधते? आपण कोणाबरोबर जेवता? घरात सर्वांत शेवटी कोण जेवते? यांस दोन मिनिटेही लागणार नाहीत. मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-नागपूरला गेल्यावर गावी एकट्या राहिलेल्या वृद्धांना तर हे अवश्य विचारावे. एका जिवासाठी चूल पेटविण्याचा उत्साह ओसरतो आणि सकाळची भाकरी रात्रीपर्यंत पुरविली जाते. अशा रुग्णाला दीपन-पाचन द्यावेच. त्यासोबत शेजारच्या घराशी आठवड्यातून दोन-तीन सांजा पान जोडून घेण्याचा सल्लाही द्यावा.

पथ्य शक्य तेथे रुग्णाचे न ठेवता घराचे करावे. ते पाळलेही अधिक जाते, आणि बरे होण्याच्या काळात माणसाला ‘मी यांच्यातलाच आहे’ ही खात्रीही मिळते. ती खात्री कोणत्याही चूर्णात घालून देता येत नाही. परंतु पत्रिकेवर एक ओळ लिहून तिची वाट मोकळी करणे आपल्या हाती निश्चितच आहे.