तपासणीचा खर्च कोणी करायचा?

मार्च 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळ येथे एका गर्भवती विवाहितेचा मृत्यू झाला आणि त्या तपासात पोलिसांना नाल्यालगत पुरलेले 19 भ्रूण मिळाले. म्हैसाळ महाराष्ट्रात असले तरी कर्नाटकातले कागवाड तिथून जेमतेम काही किलोमीटरवर आहे. तपासाचे धागे साहजिकच सीमा ओलांडून इकडच्या डॉक्टरांपर्यंत आले. पुढे जून 2022 मध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यात, मूडलगी येथे, बाटल्यांत भरून टाकून दिलेले सात भ्रूण सापडले. दोन्ही वेळी सभासंमेलनांतून एकच मागणी झाली : कायदा कडक करा. या मागणीला माझा विरोध आहे. कायदा हवा तितका कडक आहे. तो राबविण्यासाठी गाठीचा पैसा खर्चण्याची सरकारची तयारी नाही, एवढेच.

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्राने केला, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. त्यानंतर 1994 चा केंद्रीय कायदा आला व 1 जानेवारी 1996 पासून अमलात आला. तरीही सोनोग्राफी केंद्रांच्या नोंदणीला जोर आला तो 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारांचे कान उपटल्यावर. 2003 च्या दुरुस्तीने उरलेल्या पळवाटाही बऱ्याचशा बुजवल्या. याच काळात महाराष्ट्रातले सहा वर्षांखालील मुलांमागे मुलींचे प्रमाण 1991 च्या 946 वरून 2001 मध्ये 913 व 2011 मध्ये 894 वर घसरले. पहिला कायदा ज्या राज्याने केला, त्याची ही प्रगती!

कारण नियमावलीतच वाचायला मिळते. केंद्राच्या नोंदणीचे शुल्क 2012 पासून पंचवीस हजार रुपये आहे (मोठ्या संस्थांना पस्तीस हजार) आणि नोंदणी पाच वर्षे चालते. म्हणजे वर्षाला पाच हजार, दिवसाला चौदा रुपयेही नाहीत. हे शुल्क समुचित प्राधिकाऱ्याच्या खात्यात जमा होते व अंमलबजावणीचा खर्च त्यातून करायचा असतो. ज्याच्यावर पहारा ठेवायचा, त्याच्याच वर्गणीवर पहारेकऱ्याचा पगार, असा हा मामला आहे. शिवाय 2014 च्या नियमानुसार प्रत्येक केंद्राची दर नव्वद दिवसांनी तपासणी झाली पाहिजे. एखाद्या जिल्ह्यात दोनशे केंद्रे धरा. वर्षाला आठशे तपासण्या झाल्या, आणि शुल्काचे उत्पन्न दहा लाख. एका तपासणीच्या वाट्याला साडेबाराशे रुपये आले. त्यातच गाडी, पंच, बनावट गिऱ्हाईक म्हणून जायला तयार होणारी गर्भवती स्त्री, खुणेच्या नोटा आणि पुढे वर्षानुवर्षे चालणारा खटला. हे सारे करणारा अधिकारीही बहुधा स्वतंत्र नसतो. महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालय चालविणाऱ्या शल्यचिकित्सकाच्याच गळ्यात हे काम घातलेले आहे.

मी हे दुरून बोलत नाही. कायद्याप्रमाणे जिल्हा सल्लागार समितीवर माहिती व प्रसिद्धी खात्याचा एक अधिकारी असावा लागतो. त्या खुर्चीवर मी काही वर्षे बसलो. दोन बैठकांत साठ दिवसांहून अधिक अंतर पडू नये, असा नियम आहे. आमच्याकडे ते पडले नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. चहा झाला, मागील इतिवृत्त कायम झाले, नूतनीकरणाचे अर्ज मंजूर झाले. पैशाचा विषय निघाला की तो फलक, पथनाट्य, प्रभातफेरी यांकडे वळे, कारण ते माझे खाते होते आणि त्याने कोणी दुखावत नसे. 'बेटी वाचवा'च्या मजकुराची मुद्रिते मी हौसेने तपासली आहेत. त्या भिंती रंगवण्यात गेलेला पैसा एका पूर्णवेळ निरीक्षकाला पुरला असता, हे मला तेव्हा सुचले नाही असे नव्हे. मी बोललो नाही.

डॉक्टरमंडळींची तक्रार असते की 'एफ' नमुन्यातला एखादा रकाना कोरा राहिला तरी खटला भरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हा युक्तिवाद फेटाळला, आणि ते योग्यच झाले. लबाडी लपते ती कोऱ्या रकान्यातच. पण तक्रारीत अर्धे सत्य आहे. ज्याच्याजवळ माणसे व पैसा नाही, तो कागदच तपासणार. त्यामुळे अजागळ पण प्रामाणिक डॉक्टर सापडतो आणि ज्याचे दप्तर चोख, तो सुटतो.

अधिकाऱ्याने मनावर घेतले तर काय होते, हे कोल्हापूरने दाखवले आहे. तेथील तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख (पुढे 2018 मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्यापैकीच) यांनी सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' उपकरण बसविण्याचा आग्रह धरला. डॉक्टरांची संघटना उच्च न्यायालयात गेली. 2011 मध्ये न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांची बाजू उचलून धरली. मात्र एका अधिकाऱ्याची जिद्द ही काही अर्थसंकल्पातली तरतूद नव्हे. त्याची बदली होते.

आता आपल्या सीमाभागाकडे या. बेळगावकडची स्त्री सांगली जिल्ह्यात तपासून घेते, तेव्हा तिचा 'एफ' नमुना तिकडच्या प्राधिकाऱ्याकडे जातो; ती जिथली, तिथे खबर नाही. एका राज्यात निदान, दुसऱ्यात गर्भपात, आणि दोन्हीकडची दप्तरे आपापल्या जागी निर्दोष. ज्या सीमेसाठी महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला व कर्नाटकाने तो हिरिरीने लढवला, तीच सीमा या एका बाबतीत दोन्ही सरकारांना सोयीची वाटते. इथे कोणीही दुसऱ्याचा ताबा नाकारत नाही!

आणि आपण? आपल्या जुन्या घराण्यांत 'हे आपल्याकडे नसते' असे म्हणण्याची पद्धत आहे. एका सुशिक्षित, सधन घरात पहिल्या नातीनंतर 'सूनबाईंना पलीकडे दाखवून आणले' हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. ऐकून विषय बदलला. आज त्याच घरचे लोक वधू-वर मेळाव्यात मुली मिळत नाहीत म्हणून हळहळतात.

एक सावधगिरी मात्र हवी. पहारा वाढवा म्हणताना प्रत्येक गर्भपात संशयित ठरवणे हा शुद्ध अन्याय आहे. 1971 च्या कायद्याने, व 2021 च्या दुरुस्तीने अधिक विस्ताराने, स्त्रीला सुरक्षित गर्भपाताची वाट दिलेली आहे. खटल्याच्या धास्तीने मान्यताप्राप्त दवाखान्याने दार लावून घेतले, तर ती बाई म्हैसाळसारख्या ठिकाणीच जाणार. पहारा यंत्रावर हवा, बाईवर नव्हे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दोन्ही राज्यांनी तपासणीचा खर्च आपापल्या अर्थसंकल्पातून करावा. प्रत्येक जिल्ह्याला दुसरे कोणतेही काम नसलेला निरीक्षक द्यावा. बेळगाव, विजापूर, सांगली व कोल्हापूर या चार जिल्ह्यांच्या प्राधिकाऱ्यांनी दर महिन्याला एकत्र बसून नोंदी ताडून पाहाव्यात. मराठी पाट्यांसाठी आपल्या संस्थेने आजवर किती निवेदने दिली, त्यांची फाईल कार्यालयात आहे. या विषयावरचे एकही निवेदन मला तिच्यात सापडले नाही. मसुदा मी कार्यवाहांकडे दिला आहे. सह्यांसाठी तो येत्या बैठकीत टेबलावर असेल.