परमुलखात रुजायला काय लागते?

गडहिंग्लज तालुक्यातील माणसाला स्थलांतर नवे नाही. गिरण्यांच्या काळात या तालुक्यातून आणि शेजारच्या आजरा, चंदगड, भुदरगडमधून असंख्य घरांतील कर्ते पुरुष मुंबईला गेले, लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांत वळकटी टाकून राहिले आणि दरमहा मनिऑर्डर पाठवीत राहिले. 1982 च्या संपानंतर ती वाट आटली. आता त्याच घरांतली पोरे दुबई, दोहा, कुवेतची नावे घेतात. मुलाचा व्हिसा आला की पेढे वाटले जातात, आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र तो तेथे कोणत्या हक्काने राहणार, हा प्रश्न ना घरात विचारला जातो, ना चावडीवर. कार्यकर्त्यांनी तो विचारला पाहिजे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

परदेशात स्थायिक होण्याच्या अडचणींविषयी बोलताना सामान्यतः भाषा, हवामान, अन्न आणि एकटेपणा यांचा उल्लेख होतो. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु माणूस चिवट असतो. भाषा तो वर्षभरात शिकतो, परक्या अन्नाचीही त्याला सवय होते. त्याला रुजू न देणारी गोष्ट वेगळीच असते आणि तिचा पुरावा शोधायला फार दूर जाण्याचे कारण नाही. तो आपल्याच जिल्ह्यात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी आहे.

1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना सोव्हिएत राजवटीने घराबाहेर काढून सैबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकले. 1941 च्या करारानंतर त्यांतील काहींची सुटका झाली. इराणमार्गे हिंदुस्थानात आलेल्या या निर्वासितांपैकी सुमारे 5,000 जणांची छावणी 1943 मध्ये तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील वळिवड्यास उभी राहिली. त्यांत मुख्यतः स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. पुरुष युद्धावर होते. छावणीत पोलिश भाषेच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, नाटके होत असत. खर्च लंडनमधील परागंदा पोलिश सरकार उचलीत असे. कोल्हापूरकरांनी या पाहुण्यांना जिव्हाळा दिला, तो त्यांची मुले-नातवंडे अजून विसरलेली नाहीत. वॉर्सा शहरात आज या छावणीचे स्मारक आहे.

एवढे सारे असूनही ते लोक येथे रुजले नाहीत. छप्पर होते, शाळा होती, माया होती. पण या भूमीवर कायमचे राहण्याचा, येथे कमावून आपले भविष्य घडविण्याचा अधिकार नव्हता. युद्ध संपले तेव्हा त्यांतील अनेकांची गावे सोव्हिएत संघराज्यात गेलेली होती आणि परतायला घर उरले नव्हते. 1948 पर्यंत छावणी रिकामी झाली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी आफ्रिकेतील दुसऱ्या छावणीत. येथे लग्न करून राहिलेल्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या.

त्याच बराकींत पुढे फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित येऊन राहिले. भिंती त्याच, पत्रे तेच. या लोकांपाशी ना जमीन होती, ना स्थानिक भाषा. त्यांच्यामागे कोणतेही परदेशी सरकार नव्हते. परंतु एक गोष्ट त्यांना मिळाली, जी पोलिश स्त्रियांना मिळाली नव्हती. राज्यघटनेच्या 6 व्या अनुच्छेदाने पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा केला. मत देता येऊ लागले, दुकान काढता येऊ लागले, सरकारी दारी नुकसानभरपाई मागता येऊ लागली. 1967 मध्ये त्यांच्या सिंधी भाषेला आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. त्या छावणीचे गांधीनगर झाले आणि आज गडहिंग्लजचा कापडदुकानदारही तेथील घाऊक बाजारात माल भरायला जातो. सिंधी माणसाच्या कष्टांना आणि व्यापारी बुद्धीला त्याचे श्रेय आहेच. परंतु कष्टाळू तर सैबेरियातून जगून आलेल्या त्या पोलिश मायाही होत्या. फरक अधिकाराचा होता.

आता आखातात गेलेल्या आपल्या मुलाकडे पाहू. त्याला काम आहे आणि वेतनही आहे. नाही तो अधिकार. ‘कफाला’ पद्धतीत त्याचा राहण्याचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. मालक सोडला की परवाना धोक्यात, आणि परवाना गेला की तो गुन्हेगार. पासपोर्ट काढून घेण्यास कायद्याने मनाई असली तरी तो पुष्कळदा मालकाच्याच कपाटात असतो. कतारने 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या संमतीची अट काढली. जागतिक टीकेचा तो परिणाम होता. परंतु सौदी अरेबिया व अमिराती येथे कामगार संघटना काढण्यास कायद्याने बंदी आहे. वीस वर्षे राबलेल्या गवंड्यालाही तेथे नागरिकत्वाची आशा नाही. 12 जून 2024 रोजी कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागून किमान 45 भारतीय मृत्युमुखी पडले, तेव्हा एकेका मजल्यावर माणसे कशी कोंबलेली होती हे जगाला दिसले.

गावकीच्या खोलीतही दाटी होतीच, हे कोणी सांगेल. खरे आहे, पाळीपाळीने झोपावे लागे. परंतु त्या खोलीतला गिरणी कामगार युनियनचा सभासद होता, मतदार होता, मोर्चात चालत होता. त्याच्या मुलाला महापालिकेच्या शाळेत मराठीतून शिकता येत होते. मुंबई त्याला परकी वाटली तरी तो तेथे परका नव्हता.

यात वर्गाचा प्रश्नही आहे. जर्मनीने 2024 मध्ये नागरिकत्वासाठी लागणारी वास्तव्याची अट 8 वर्षांवरून 5 वर्षांवर आणली. आपला अभियंता किंवा परिचारिका तेथे कुटुंब नेऊ शकते, काही वर्षांत मतही देऊ शकते. सेंट्रिंगचे काम करणाऱ्याला मात्र जग फक्त हातांपुरते बोलावते. हात हवेत, माणूस नको, असा हा व्यवहार आहे.

‘जाणारा स्वखुशीने जातो, इथल्यापेक्षा चार पैसे जास्त मिळवतो, मग तक्रार कशाची?’ हा प्रश्न नेहमी येतो. दलालाला देण्यासाठी शेत गहाण टाकून, कर्ज काढून निघालेल्याची खुशी कितपत मोकळी असते? पहिले वर्ष-दीड वर्ष कर्ज फेडण्यात जाते आणि तोवर तो तोंड उघडू शकत नाही. ही स्वखुशी नव्हे, हे वेठीचेच सभ्य रूप आहे.

तेव्हा करायचे काय? 1983 च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी भरती करणाऱ्या दलालाला नोंदणी सक्तीची केली. त्याच्या फीवर नियमांनी 30,000 रुपये अधिक करांची मर्यादा घातली. दहावी न झालेल्या कामगाराला आखातासह ठरावीक देशांत जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यूसाठी 10 लाखांचे संरक्षण असते. दलाल नेमके हेच टाळण्यासाठी पोराला भेटीच्या व्हिसावर विमानात बसवतो. प्रत्येक शाखेतील दोन कार्यकर्त्यांनी ही माहिती आत्मसात करावी. जाणाऱ्याचा करारनामा त्याला कळणाऱ्या भाषेत वाचून दाखवावा आणि त्याची एक प्रत घरी ठेवायला लावावी. आठवड्यातून एक दिवस गडहिंग्लजच्या बाजारदिवशी असे केंद्र चालवणे आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. केरळने 1996 मध्येच परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खाते निर्माण केले. तशी यंत्रणा आपल्याकडे जिल्हा पातळीपर्यंत आली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आणि ही मागणी करताना आपल्या शिवाराकडेही पाहिले पाहिजे. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून येणारी कोयती, बांधकामावर येणारे बिहारी मजूर हे परदेशी नाहीत, या देशाचे नागरिक आहेत. तरीही त्यांच्या मुलांची शाळा, खोपीतले पाणी आणि बाळंतीण बाईचा दवाखाना हे प्रश्न आपण त्यांच्या मुकादमावर सोडून देतो. कुवेतच्या मालकाकडून आपल्या मुलासाठी जे मागायचे, ते आधी आपल्या फडात द्यायला हवे. येत्या हंगामापासून शाखांनी ही दोन्ही कामे एकत्रच हाती घ्यावीत.