थंडीआधी भाड्याच्या खोलीचा गिझर बघा

दुकानामागच्या माझ्या दोन खोल्या भाड्याने दिल्यात. गेल्या थंडीत एका भाडेकरूने गार वारा येतो म्हणून बाथरूमची खिडकी पुठ्ठा लावून बंद केली. आत गॅस गिझर! हवा कमी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस आतच बेशुद्ध पडतो.

"वापरतो भाडेकरू, मग खर्चही त्याचाच" हे मला पटत नाही. भाडं आपण घेतो ना? मग दिवाळीआधी गॅस गिझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या आणि सर्व्हिसिंग करा. इलेक्ट्रिक असेल तर अर्थिंग तपासा. दुकानात आपण माल तपासूनच देतो. खोलीही तशीच द्या.