चौकशी भाडेकरूची की जातीची?

पुण्या-मुंबईत भाड्याने खोली शोधणाऱ्या आपल्या तरुणांना घरमालकाचे प्रश्न आता तोंडपाठ झाले आहेत. नोकरी कुठे, पगार किती हे नंतर. आधी "पूर्ण नाव सांगा". आडनावावरून अंदाज आला नाही, तर "मूळ गाव कोणतं?" तेवढ्यानेही भागलं नाही, तर "नॉनव्हेज खाता का?" आणि शेवटी "घरच्यांशी बोलून कळवतो". तो फोन कधीच येत नाही. याला घरमालक 'भाडेकरूची चौकशी' म्हणतात. आम्ही याला जातीची झडती म्हणतो.

चौकशीच करू नका, असे आमचे म्हणणे नाही. भाडे वेळेवर येईल का, ओळखपत्र खरे आहे का, किती माणसे राहणार, हे विचारण्याचा घरमालकाला अधिकार आहे. डिपॉझिट घ्या, पोलीस व्हेरिफिकेशन करा, अकरा महिन्यांचा करार करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार तो करार नोंदवण्याची जबाबदारी तर घरमालकाचीच आहे, आणि नेमकी तीच अनेक जण टाळतात! पण यातल्या कोणत्या गोष्टीसाठी आडनाव सोलून पाहावे लागते? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागला तर भाडे बुडते का?

'फक्त शाकाहारी' ही पाटीही तपासून पाहू. मासे-मटण खाणारी सवर्ण कुटुंबे त्याच शहरात, अनेकदा त्याच इमारतीत राहतात. मग आपल्याच ताटाची चौकशी का? कारण जात थेट विचारायला आता लाज वाटते, म्हणून ती स्वयंपाकघरातून विचारली जाते.

हा प्रकार आजचा नाही. 1917 साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन इथे शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी सरायीत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. त्यांनी दोन मित्रांना विचारले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायकोला विचारावे लागेल. दोघांपैकी कोणीही स्वतःच्या तोंडाने 'नाही' म्हटले नाही. आज शंभर वर्षांनंतरही तीच भाषा आहे: "आमची काही हरकत नाही हो, पण सोसायटीचे लोक ऐकणार नाहीत." नकार नेहमी दुसऱ्याच्या नावावर! खरे तर सहकार खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची पूर्वपरवानगी लागतच नाही, कळवणे पुरेसे असते.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे "आमचे घर, आमची मर्जी". मर्जी एका माणसाची असती तर आम्ही पुढच्या दारात गेलो असतो. पण चेअरमन, सेक्रेटरी, एजंट आणि शेजारी मिळून एकच मर्जी चालवतात, तेव्हा तिला बहिष्कार म्हणतात. गावात गावकुसाबाहेर ठेवले, शहरात रिंगरोडबाहेर. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात केलेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी घरे मागितली असता सवर्णांना दारे उघडी होती, दलितांना नकार होते आणि मुस्लिमांना त्याहून जास्त.

शासन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून निवासासाठी पैसे देते. पण पैसे हातात असूनही खोली मिळणार नसेल, तर त्या योजनेचे करायचे काय? अभ्यासाचे दिवस घर शोधण्यात जातात. जिथे मिळते तिथे महाग आणि लांब.

कायदा आहे का? आहे. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम 4 वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम 12 त्याहून महत्त्वाचे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. पण मुस्लिम कुटुंबाला, एकट्या स्त्रीला या कायद्याचा आधार नाही. 2005 साली तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा 'सभासद फक्त पारशी' हा उपविधी वैध ठरवला. मुद्दा पारशांचा नाही, मोकळ्या राहिलेल्या दाराचा आहे. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, एप्रिल 1968 मध्ये, घर देताना वंश आणि धर्मावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा झाला. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात याबद्दल चकार शब्द नाही.

म्हणून तरुणांनो, आडनाव लपवू नका. बाबासाहेबांना नाव बदलूनही सरायीत राहू दिले नाही. एजंटचे मेसेज जपून ठेवा, तारीख आणि पत्ता लिहून ठेवा, साक्षीदार सोबत न्या, आणि एकट्याने नव्हे तर संघटना घेऊन पोलीस ठाण्यात जा. घर देताना जात-धर्म पाहण्यास बंदी घालणारा राज्याचा स्वतंत्र कायदा ही आपल्या मोर्चांची मागणी झाली पाहिजे.

आणि ज्यांनी कष्टाने फ्लॅट घेतले, एखादा भाड्यानेही दिला, त्या आपल्याच बांधवांना एक सांगणे. तुमच्या दारात पारधी, मातंग किंवा मुसलमान कुटुंब आले तर तुम्ही काय विचारणार? भाडे आणि ओळखपत्र विचारा. त्यापुढचा प्रश्न तोंडात आला, तर तो मनूचा आहे हे ओळखा आणि गिळून टाका.

जय भीम!